पाठ नसलेला प्रश्न

शेवटची स्लाइड सरली आणि महजबीनने कल्याणकडे पाहिले. आता त्याने उठायचे होते.

वनस्पतिशास्त्र विभागातील ही जुनी रीत. सादरीकरणानंतर श्रोत्यांनी प्रश्न विचारावेत, हा नियम. आणि ते प्रश्न वक्त्यानेच आदल्या दिवशी मित्रांना वाटून द्यावेत, ही परंपरा. उत्तरे अर्थातच मुखोद्गत असत. कल्याणच्या वाट्याला आलेला प्रश्न असा होता: संजीवकांच्या, म्हणजे वाढ-नियंत्रक द्रव्यांच्या, फवारणीने मोसंबीची फळगळ किती घटते? वर्गात शिरताना महजबीनने त्याला पुन्हा हटकले होते, "बराबर पाठ आहे ना?"

"सकाळपासून घोकून राह्यलो, बाई. गावाकडून, टेंभुर्णीहून येताना जीपमधल्या लोकांना बी पाठ झाला असंल."

तिला हसू आले नव्हते. एम.एस्सी.च्या प्रकल्पाचा तिचा साहित्य-आढावा तिचे मार्गदर्शक भागवत सरांनी तीनदा परत केला होता. दर वेळी त्यांचे म्हणणे एकच: "यात सगळे बोलतात, महजबीन. तुम्ही कुठं बोलता?" हे ऐकले की तिच्या मस्तकात तिडीक उठे. इतरांनी लिहिलेले नीट मांडणे, यालाच तर आढावा म्हणतात. त्यात आपण काय बोलायचे? उत्तर सुचत नसे, म्हणून ती आणखी शोधनिबंध वाचून त्यात भर घाली. आढावा जाड होई आणि पुन्हा परत येई. आजच्या या सादरीकरणात आढाव्याला मान्यता मिळाली नाही तर प्रकल्प पुढच्या वर्षावर जाणार होता. आणि मस्तगडच्या घरी अब्बांनी तिच्या शिक्षणाला दिलेली मुदत याच वर्षाची होती.

कल्याण उठेना.

"कल्याण, आज पाळी तुमची दिसते," सर शांतपणे म्हणाले. "विचारा."

वर्गात खसखस पिकली. कल्याण उभा राहिला. ओठ हलले, पण घोकलेले वाक्य काही केल्या येईना. अखेर घरी मोसंबीचा विषय निघाला की जे विचारले जाते, तेच त्याच्या तोंडून बाहेर पडले.

"म्हंजे... ही फळगळ कोणत्या बहाराची?"

महजबीनला वाटले, याला इथेच बडवावे. मोसंबीचे मुख्य बहार, म्हणजे फुलोऱ्याचे हंगाम, दोन. हिवाळ्यात पाणी तोडून धरतात तो आंबे बहार, आणि पावसाच्या तोंडावर धरतात तो मृग बहार. इकडचा शेतकरी त्यांतला एक निवडतो, हे तिला ठाऊक होते. निबंधांत मात्र ती फवारणी, मात्रा आणि टक्केवारी एवढेच पाहत आली होती. आता तिने एकेक निबंध मनात उलटून पाहिला. फुले कधी आली? जानेवारी. फेब्रुवारी. पुन्हा जानेवारी. म्हणजे सगळीकडे आंबे बहारच.

'दोन्ही बहारांची,' असे म्हटले असते तर कोणी तपासायला जाणार नव्हते. ते शब्द जिभेवर आलेही होते.

"आंबे बहाराची," ती म्हणाली. "मी वाचलेल्या प्रत्येक निबंधात आंबे बहारच आहे, सर. मृग बहारातली फळगळ या फवारणीनं घटते का, हे मला कुठंच सापडलं नाही. मला माहीत नाही."

कल्याणने मान खाली घातली. मागून कोणीतरी पुटपुटले, "गेलं हिचं वर्ष."

सरांनी वर्गावर दृष्टी फिरवली. "कोणाला माहीत आहे?"

सगळे आपापल्या वह्या चाळू लागले.

"मलाही नाही," भागवत सर म्हणाले. "आज तुम्ही बोललात, महजबीन." ते उठले, फळ्याजवळची आपली खुर्ची त्यांनी महजबीनकडे सरकवली, आणि स्वतः पहिल्या बाकावर, विद्यार्थ्यांमध्ये, वही उघडून बसले.