जाड तेल

सकाळी साडेनऊ वाजता धनपालची तंबाखूची व्हॅन बेळगावच्या शहापुरात मष्णू मिस्त्रीच्या दारात येऊन थांबली. मागे गल्लीभर निळा धूर पसरला होता.

धनपाल निपाणीचा. काल माल उतरवायला बेळगावात आला होता. आज सकाळी तार आली : आईनं पाणीही सोडलं. आईनं, चंपाबाईंनी, मरेपर्यंत उपास करायचं जैनांचं सल्लेखनेचं व्रत घेतलं होतं. अन्न सोडून बारा दिवस झाले होते. लढाईमुळं पेट्रोल मोजून मिळायचं. निपाणीची मोटार दिवसाला एकच, आणि ती सातलाच सुटली होती.

"अव्वानं समद्यांची क्षमा मागून झालीया," धनपाल म्हणाला. "सुनांची, गड्यांची, भांडलेल्या शेजारणीची सुदीक. माझीच राहिलीया. आणि मलाबी तिची मागायचीया. बोलती हाय तवर पोचाय पायजे, मिस्त्री."

मष्णूनं इंजिन चालू करून वेग वाढवला. धूर दाटला. मग त्यानं प्लग काढले. काळे आणि ओले. इंजिनातलं तेल दोन बोटांत धरून ताणलं, तर काकवीसारखी तार निघाली. त्यानं बोटं नाकाशी नेली.

"एरंडेल ओतलंयसा?"

"तेल कमी व्हायलंतं." धनपालनं मान वळवली. "इकतच्या डब्यात चरबी असती म्हणत्यात. आमच्यात चालत न्हाय."

"आवो अण्णा, पोरास्नी जुलाबाला द्यायचं तेल मोटारीला पाजलंसा व्हय! त्ये दुसऱ्या तेलात मिसळत न्हाय. आत गोंद झालाय. पिस्टनच्या रिंगा चिकटल्यात, म्हणून तेल वर चढून जळायलंय. तेल जळतंय म्हणून तुमी परत एरंडेल ओतताय."

"किती येळ लागंल?"

"रिंगा सोडवाय दोन दिस."

मष्णूनं कोपऱ्यातला डबा पुढं ओढला. गिरणीच्या वाफेच्या इंजिनाचं तेल. जाड, हिरवट काळं. इतकं जाड तेल रिंगांवरून सहजासहजी वर चढत नाही. जुनं काढून हे भरलं, तर गाडी न थांबता निपाणीला गेली असती.

"ह्यात चरबी हाय?"

'न्हाय' हा शब्द मष्णूच्या ओठांवर आला होता. धनपाल त्याच्याकडं बघत उभा होता.

"हाय," मष्णू म्हणाला. "वाफंच्या इंजिनाला घालावीच लागती. थोडी हाय."

"थोडी."

"डोळं झाकून जावा, अण्णा. अव्वाला सांगाय कोण बसलंय?"

"क्षमा मागाय जायाचं, आणि वाटभर जनावर जाळत जायाचं?" धनपालनं डब्याचं झाकण स्वतःच लावलं.

उरलं मागाला घालायचं तेल. त्यात चरबी नव्हती, पण ते पाण्यासारखं पातळ होतं. मष्णू चार विणकरांची दारं फिरून आला. जुनं तेल काढून हे भरलं, तेव्हा वर चार बाटल्या उरल्या.

"आठ मैलाला एक खाईल," मष्णू म्हणाला. "अठ्ठेचाळीस मैल हाय."

"म्हंजे सा लागतील."

"चारच हायत."

"वाटंत बघतो की."

"वंटमुरीच्या घाटात दमानं घ्या. पातळ तेल तापलं की गेलं."

अकराला व्हॅन निघाली. गल्लीच्या वळणावर पुन्हा निळा धूर दिसला.

निपाणीची मोटार संध्याकाळी साडेपाचला परत आली. मष्णू तिची वाट बघत अड्ड्यावर उभा होता. ड्रायव्हर रवळू खाली उतरत म्हणाला, "धनपालची गाडी संकेश्वराच्या फुडं उभी हाय. इंजिन जाम झालंय. गाडीत कोण न्हाय."

"आणि त्यो?"

"गाडीच्या फुडं दोन मैलांवर, निपाणीच्या बाजूला भेटला. धोतार खोचून निपाणीकडं निघालता. गाडी थांबवली, तर म्हणाला, तू तिकडनंच आलास न्हवं, अव्वा कशी हाय?"

"मग?"

"मी निघालो तवा होती, म्हटलं. श्वास चालू होता." रवळूनं पटका काढून तोंड पुसलं. "बोलणं सकाळीच बंद झालंय, त्ये न्हाय सांगितलं."

त्या दिवशी निपाणीकडून दुसरी मोटार आली नाही, की धनपालची काही खबर.