टॅप-इन

कारखान्यांच्या फुटबॉल स्पर्धेचा कप घेऊन दामोदर दुसऱ्या दिवशी चामराजपेटला थोरल्या भावाच्या घरी गेला. रत्नाकर हरलेल्या संघात होता. दार हेमलतावहिनीनं उघडलं, पण कपाकडे तिनं पाहिलंही नाही.

"भावजी, टॅप-इन म्हणजे काय हो? गल्लीतले सगळे म्हणताहेत, तुमचा गोल टॅप-इन होता."

"अगदी जवळून मारलेला, सोपा गोल. चेंडू पुढ्यात आणि गोल मोकळा. नुसता पाय लावायचा."

"मोकळा कसा? ह्यांच्या संघाचा गोलकीपर कुठे होता?"

"देवाप्पा? तो गोल सोडून धावला होता."

"कशाला?"

दामोदरनं कप या हातातून त्या हातात घेतला. "शिट्टी झाली नव्हती, वहिनी. नियमात बसतं ते."

"मी नियम विचारला नाही."

आतल्या खोलीत कुणीतरी कण्हलं. मग देवाप्पाचा आवाज आला, "स्वल्प थांब, अण्णा, पायाखाली उशी देतो."

"ह्यांचा पाय मोडला म्हणून तो परका माणूस गोल सोडून धावला," हेमलता म्हणाली. "आणि तुम्ही सख्ख्या भावाला ओलांडून पुढे गेलात."

तिनं दार लावून घेतलं.