ट्रेलरचे काळे सांधे

"परत आली," व्हर्न म्हणाला आणि सांध्यावरून फिरवलेलं बोट त्यानं शेजारच्या क्लेटच्या नाकासमोर धरलं. बोट काळं होतं.

क्लेटनं कॉफीचा मग ट्रेलरच्या दांडीवर आपटला. "शक्यच नाही. परवा तर सांध्यांतलं जुनं सीलंट पार खरवडून काढलं. नवीन भरलं. मी स्वतः भरलं, व्हर्न!"

"मग बुरशीला सांग तसं. मला कशाला सांगतोस?"

ओरेगनच्या त्या किनाऱ्यावर पाऊस नसला तर धुकं असतं, आणि धुकं नसलं तर पाऊस. बुरशी तिथे कुणाच्या ट्रेलरला धरत नाही? पण बाकीच्यांची एका पुसण्यात जाते. व्हर्नची जात नव्हती. मोठ्या फ्रिजला चाकं लावावीत तसा तो पांढरा, बंद, बिनखिडक्यांचा ट्रेलर अंगणात उभा होता, आणि पत्रे जुळतात तिथे तिथे कुणी काजळ घातल्यासारखी काळी रेघ होती.

त्यात सामान भरून व्हर्न आणि त्याची बायको डार्लीन कायमचे ॲरिझोनाला जायचे होते. तिथे कोरडी हवा होती आणि डार्लीनच्या बहिणीनं शब्द टाकून धरून ठेवलेलं एक लहान घर होतं. नोव्हेंबर अखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत आला नाहीत तर घर दुसऱ्याला जाईल, असं बहिणीनं बजावलं होतं. पण गळका ट्रेलर रस्त्याला लावून बायकोच्या गोधड्या भिजवायच्या, हे काही व्हर्नच्या मनाला पटत नव्हतं.

घाई क्लेटलाही होती. जाताना लाकडाची शेड तुला, असं व्हर्ननं कबूल केलं होतं. शेजारधर्म खराच, पण शेजारधर्माला शेडची जोड मिळाली की तो सकाळी लवकर उठतो. क्लेटनं ब्लीच मारलं, व्हिनेगर मारलं, स्पिरिटनं पुसलं. हाताची सालं निघाली. दुकानदार तर आता त्याला दारात पाहिलं की न विचारता ब्लीचचा कॅन पुढे सरकवायचा.

डार्लीन स्वयंपाकघराच्या दारात आली. "गेली का रे? की आहेच अजून मेली?"

"आहे."

"अरे देवा! तिकडे माझी बहीण वाट बघून बघून म्हातारी झाली. व्हर्न, तुझ्याच्यानं एवढा एक ट्रेलर पुसून होत नाही?"

"तू ये ना मग. घे ब्रश."

"आधी माझा गुडघा बघ आणि मग तुझी जीभ आवर."

हे असं सगळं उन्हाळाभर चाललं होतं. क्लेटला वाटे, बुरशीपेक्षा ही दोघं चिवट आहेत.

रविवारी व्हर्न चर्चमधल्या पुरुषमंडळींच्या न्याहारीला गेला. क्लेट मासेमारीच्या बोटींना लावतात ते सीलंट घेऊन आला. ट्रेलरच्या मागे, कुंपणाकडच्या बाजूला, डार्लीन वाकून उभी होती. एका हातात वाडगा, दुसऱ्या हातात ब्रश. चला, हिनंही एकदाचं मनावर घेतलं, म्हणून क्लेट खूश झाला. मग त्यानं वाडग्यात पाहिलं.

"हे काय आहे?"

"ताक."

"ताक?"

"असा काय बघतोस? बागवाल्यांच्या बैठकीत तूच नाही का शिकवलंस? नव्या कुंडीला ताक फासा, सावलीत ठेवा, शेवाळ-बुरशी धरून ती आजोबांच्या वेळची दिसायला लागते. टाळ्या पडल्या होत्या तुला. व्हर्ननं तर शिट्टी मारली होती."

क्लेट मटकन ट्रेलरच्या चाकावर टेकला. "डार्लीन, माझे हात बघ. सोलून निघालेत!"

"माहीत आहे रे. म्हणून तर तुला केक पाठवत होते."

"जायचं नाही तर सांग ना त्याला!"

"कसं सांगू?" ती ब्रश निथळवत म्हणाली. "बहिणीचा फोन आला त्याच आठवड्यात हा ट्रेलर घेऊन आला. जन्मभर लाकडाच्या गिरणीत ओल्यात राबला बिचारा. त्याला ऊन हवं आहे. मला ते वाळवंट नको, आणि बहीण तर त्याहून नको. पण त्याच्या तोंडावर माझ्यानं नाही म्हणवत नाही. बुरशीनं म्हटलं तर चालेल."

"आणि छतावर कशी चढतेस? वरचे सांधे तर याहून काळे आहेत."

"या गुडघ्यानं? वरचं आपोआप होतं. देवाची कृपा." तिनं त्याचा दंड धरला. "बोलणार नाहीस ना?"

नाही बोलणार, असं क्लेटनं सांगितलं, आणि सांगताना ते खरंही होतं. पण घरी जाऊन तो विचार करू लागला. मित्राला त्याचीच बायको उल्लू बनवते आहे, बिचारा उन्हाची स्वप्नं बघत सांधे घासतो आहे, आणि आपण गप्प बसायचं? त्याला हे कळायलाच हवं. निव्वळ मैत्री म्हणून. शेडचं नाव त्यानं मनातसुद्धा घेतलं नाही.

बुधवारी डार्लीन गोधड्यांच्या मंडळाला गेलेली पाहून क्लेट निघाला. व्हर्न घरात नव्हता. ट्रेलरला शिडी लावलेली होती आणि वर छतावर व्हर्न पालथा पडलेला दिसला. नुसते बूट बाहेर आले होते.

"व्हर्न, खाली ये. एक सांगायचं आहे. ऐकायला जड जाईल."

व्हर्न एवढा दचकला की वर काहीतरी कलंडलं. पांढरा ओघळ पत्र्यावरून खाली आला आणि क्लेटच्या खांद्यावर पडला. क्लेटनं तो बोटानं निपटला. हुंगला. आंबट वास आला.

वरून व्हर्नचा चेहरा बाहेर आला, लालभडक.

"तोंड मिट, क्लेट, हात जोडतो. डार्लीनला कळलं तर उद्याच निघावं लागेल."