चेंडूशेजारची सावली

ग्राफिक्सच्या प्रयोगशाळेत चिमी हट्टाला पेटली होती. दुपारी मॅडमना चित्र दाखवायचं होतं. यंदाही नापास झाली तर वर्ष वाया. आणि तिच्या चित्रात एक सावली जास्तीची पडत होती.

चित्र तसं साधंच. संगणकाने रेखायची एक रिकामी खोली, एक चेंडू, एक दिवा. चेंडूची सावली ठीक होती. तिच्याशेजारी दुसरी होती, उभ्या माणसाची.

"सूत्रातलं वजाचं चिन्ह खाल्लं असशील," शेजारचा चष्मिस म्हणाला. "भूक लागली की तुला काहीही चालतं."

"गप रे, मेल्या!"

तिने चिन्हन् चिन्ह तपासलं. मग चेंडूच काढून टाकला. चेंडूची सावली गेली, माणसाची राहिली. वस्तूवाचून सावली पडत नाही, हे तर लहान लेकरालाही कळतं.

देवाचं नाव घेऊन तिने शेवटचा उपाय केला. दिवा उचलून नेमका बघणाऱ्याच्या डोळ्याच्या जागी ठेवला. चित्र वरून खाली, ओळीओळीने उमटू लागलं. वरची भिंत स्वच्छ पांढरी.

"गेली की गं! दे टाळी!"

चिमीने टाळी दिली नाही. दिवा डोळ्यापाशी आणला की सावली नाहीशी होत नाही, वस्तूच्या पाठीमागे लपते, हे ती पहिल्याच धड्यात शिकली होती. मग समोर दिसते ती वस्तूच.

तिचं बोट चित्र थांबवायच्या बटणावर गेलं. तिने बोट उचललं.

"येऊ दे," ती म्हणाली.

पुढची ओळ उमटली. तिच्यात केस होते.