होडीला चाकं नव्हती

होडी उतरून सव्वा तास झाला होता. तरंगली की बुडाली, जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. ती उतरली त्या शनीच्या चंद्रावरून निरोप यायलाच तेवढा वेळ लागतो. हॉलमधले चाळीस जण मात्र अजून देव पाण्यात घालून बसले होते.

सगळ्यात पुढे सर. तिथलं द्रवरूप मिथेनचं तळं त्यांनीच शोधलेलं. रडारच्या चित्रात गुळगुळीत द्रव काळा दिसतो, आणि तो एक काळा डाग त्यांनी अकरा वर्षं जिवापाड जपला होता. चाकांची गाडी पाठवावी असं काही जण म्हणत होते. सरांनी त्यांना उडवून लावलं. तळ्यात उतरायचं तर होडीच हवी! त्यांच्या शब्दाखातर ती सात वर्षांच्या प्रवासाला निघाली.

मागच्या रांगेत त्यांची मुलगी होती. ती त्याच खात्यात रडारची चित्रं जुळवायची. इथे तिनंही त्यांना सरच म्हणायचं, असा नियम. ‘ऑफिसात सर, घरी बाबा,’ हे ते पाहुण्यांना मोठ्या कौतुकानं सांगत.

पडद्यावर आकडे उमटले. संदेश घेणारा मोठ्यानं वाचू लागला. "वेग शून्य. हेलकावे नाहीत. खाली... खाली कोरडी वाळू आहे, सर. होडी कलंडलीय."

कुणीतरी फिसकन हसलं. सरांना वाटलं, जमीन दुभंगावी. "मग ते काळं काय होतं?"

मुलगी उठून पुढे आली. "रडार पट्ट्यापट्ट्यांनी चित्र घेतं. पट्टी जिथे पोचली नाही, ती जागाही कॉम्प्युटर काळीच भरतो. तिथलं चित्र कधी घेतलंच गेलं नव्हतं."

"आणि हे तुला आज सुचतंय?" ते सगळ्यांदेखत ओरडले.

तिनं पर्समधून एक कागद काढला. घड्यांवर फाटायला आलेला. तारीख उड्डाणाच्या आधीची. वर तिची हीच शंका, खाली सरांचं लाल शाईतलं वळणदार अक्षर: ‘मुलीच्या शंका घरी ऐकीन.’

सरांनी तो दोनदा वाचला. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "मग घरी का नाही बोललीस, बाळ?"

"बोलले होते, सर. जेवताना. तेव्हा तुम्ही म्हणालात, ऑफिसचं ऑफिसात."