खडकाजवळचं पाणी

दुपारच्या सामसुमीत माठावरचं फुलपात्र घरंगळलं आणि फरशीवर टणटणत गेलं.

ती चुलीपुढून उठायच्या आत मच्छिंद्र बाजेवरून वाकला आणि त्यानं ते उचललं. चाचपडला नाही. हात थेट फुलपात्रावर गेला.

ती तशीच उभी राहिली. ताटात भाकर कुठं, कालवण कुठं, हे या माणसाला ती रोज सांगत होती.

"भागिरथी, भाकरी बांध," तो म्हणाला. "वारा सुटलाय. होडी काढू."

त्याचा जन्म दर्यावर गेला होता. बोटीवर वाफेची नळी फुटली आणि डोळे गेले. मुंबईच्या इस्पितळात पट्ट्या बांधून पडला होता, तेव्हा पावलं वाजल्यावर त्यानं विचारलं होतं, "भागिरथी?" तान्ही छबू हिच्या मांडीवर होती. हिला शब्द फुटेना. शेवटी त्याच्या आईनं, केशरबाईंनी, कोपरानं ढोसलं, तेव्हा हिनं ओ दिली. गावातली माणसं नको ते बोलतील म्हणून बिऱ्हाड इकडं, मुळा धरणाच्या वसाहतीत, आणलं तेही केशरबाईंनीच. त्या गेल्यापासून घरात सल्ला विचारायला कुणी उरलं नव्हतं.

आणि आता सल्ल्याची गरज होती.

मागच्या महिन्यात तो सहादू सुताराबरोबर पुण्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडं जाऊन आला. "काय म्हणाले?" तिनं विचारलं. "काय म्हणणार? अंधार तो अंधारच." एवढंच. पण तेव्हापासून तो नि छबू कुजबुजत बसत. ती आली की दोघंही गप्प.

त्याला दिसायला लागलं असेल, तर तिनं नारळ फोडायला हवा होता. तिला धडकी भरत होती. डोळस माणसाला तिची गरज काय? घर, छबू, कुंकू, सगळं त्या अंधाराच्या आधारानं उभं होतं.

काठावर सहादू शीड बांधत होता. नगरच्या छावणीतल्या जुन्या तंबूचं ते कापड. होडीही त्यानंच बांधलेली.

"या, दर्याचे राजे!" तो ओरडला. "नाव मच्छिंद्र, बायकू भागिरथी. पान्याबिगर तुमचं भागायचं कसं?"

मच्छिंद्र खो खो हसला. ती जरा उशिरा हसली. छबूला तिनं सहादूच्या बायकोजवळ ठेवलं.

होडी काठाकाठानं निघाली. तो सुकाणूवर, गालावर वारा घेत. ती पुढं, त्याच्याकडं तोंड करून. मान वळवून काठ बघायचा आणि त्याला सांगायचा. हेच तिचं काम.

"लग्नानंतर तुला कबूल केलं होतं," तो म्हणाला, "शिडाच्या होडीतून किनाऱ्यानं फिरवीन म्हणून. तू काय म्हणाली होतीस, आठवतं?"

"आता कुठलं आठवायला?"

"मला आठवतं," तो म्हणाला.

पावसानं दगा दिलेलं ते दुसरं वर्ष. पाणी रोज हटत होतं. मागल्या खेपेला नव्हता असा एक काळा खडक आज म्हशीच्या पाठीसारखा वर आला होता. होडी नेमकी त्याच्यावर निघाली होती.

हा खडक त्याला ठाऊक असायचं कारणच नव्हतं.

तिनं ओठ मिटून घेतले.

"काठ का गप झाला आज?"

"उजाड काठ हाय. काय सांगू?"

खडक जवळ आला. तिनं होडीची कड धरली. छबू डोळ्यांपुढं आली आणि ओरडायला तोंड उघडलं, तोच त्यानं सुकाणू दाबलं. शीड फडफडलं. खडक हातभर अंतरावरून मागं गेला.

"तुमाला दिसतंय," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना.

"काय दिसतंय?"

तिनं दोरीचं ओलं टोक उचललं आणि सपकन त्याच्या डोळ्यांपुढं नेऊन थांबवलं. पापणी हलली नाही. तो तिच्या खांद्यावरून कुठंतरी पलीकडं बघत होता.

"मग खडक कसा कळला?"

"ते व्हय?" तो हसला. "खडकाजवळ पाणी निराळं बोलतं. ऐकायला सारखंच वाटतं, पन सारखं नसतं. डोळ्याला फसवता येतं गं, कानाला न्हाई."

तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. बिचारा. आणि आपण काय काय मनात आणलं! तिनं भाकरी सोडली, ठेचा लावून तुकडा त्याच्या हातात दिला. परतताना तिनं त्याला सगळा काठ सांगितला: वाळलेली बाभूळ, पाण्याला आलेल्या शेरड्या, चिखलात उभा बगळा. सांगताना ती गुणगुणतही होती.

काठाला लागल्यावर तो सहादूबरोबर शीड उतरवू लागला. छबू धावत आली. तिनं तिला कडेवर घेतलं आणि चढाला लागली.

"आई, गंमत सांगू?" छबूनं गळ्यात हात टाकले. "पन बाबांना सांगायचं न्हाई."

"न्हाई सांगत."

छबूनं तोंड कानाशी आणलं.

"तू माझी मावशी हायस. आई देवाघरी गेली, मी हुती एवढीशी तवा. मला नि बाबांना ठाऊक हाय. पन आमाला ठाऊक हाय ते तुला कळू द्यायचं न्हाई, म्हनले बाबा."

तिची पावलं थांबली. खाली मच्छिंद्र शिडाची घडी घालत होता.

छबूनं इवल्या हातांनी तिचा चेहरा आपल्याकडं वळवला.

"का कळू द्यायचं न्हाई गं, आई?"