विस्टिनची तोफ

इंग्रज अधिकारी आपला झेंडा उलगडून विस्टिनच्या शवपेटीवर पसरायला वाकला, तशी त्याच्या आईनं, चेन्सानं, झाकणावर दोन्ही हात ठेवले.

"याच्या बापाला कळवलंत का, ते विचारा आधी," ती फादर साल्वना म्हणाली.

फादरनी इंग्रजीत विचारलं. अधिकारी तिच्या विस्टिनच्याच वयाचा होता. त्याचे कान लाल झाले. ते काम आपल्याकडे नाही, असं काहीसं तो पुटपुटला.

फेब्रुवारीत पोलीस तिच्या नवऱ्याला, स्पीरूला, घेऊन गेले होते. माल्टाचा कारभार माल्टाच्या लोकांनी करावा, इंग्रजांनी आपल्या घरी जावं, असं तो क्लबात बसून मोठ्यानं बोलायचा. लढाई पेटली आणि असं बोलणारा शत्रूचा माणूस ठरला. त्याला जहाजात घालून कुठे नेलं, हे तिला अजून कळलं नव्हतं. नेलं तेव्हा विस्टिन तोफखान्याच्या गणवेशात दारातच उभा होता. बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत.

"घे गं झेंडा," उंबऱ्याशी उभी असलेली शेजारीण जॉर्जा म्हणाली. "तेवढ्यानं तरी घरावरचा डाग जाईल." स्पीरूला नेल्यापासून पावाच्या रांगेत ती चेन्साजवळ उभी राहत नसे.

"विस्टिनला आवडला असता," चेन्सा म्हणाली. "त्याच्या बापानं फाडला असता. मी कुणाचं ऐकू, फादर?"

मग तिनं आपणच हात काढून घेतले.

चौघा शिपायांनी पेटी उचलली. अगदी सहज उचलली. आत कितीसा विस्टिन आहे, हे तिनं विचारलं नव्हतं. कुणी सांगितलंही नव्हतं.

दफनभूमीच्या वळणावर भोंगा वाजला. शिपायांनी पेटी रस्त्यातच ठेवली आणि सगळे खडकातल्या भुयाराकडे पळाले. फादरनी तिचा दंड धरून ओढलं. तिनं तो सोडवून घेतला आणि पेटीला पाठ टेकून ती खाली बसली.

विमानं आली. टेकडीवरची तोफ धडाडू लागली. विस्टिनची तोफ. तिचा आवाज चेन्सा कितीही गोंगाटात ओळखायची. रोज भुयारात तो कानी पडला की ती क्रुसाची खूण करून म्हणायची, "आहे, माझा आहे." आजही तिच्या तोंडून तेच निघालं. मग हात कपाळाशीच थांबला. तोफ थांबली नाही.

कुणीतरी भिंतीच्या कडेनं रांगत आलं. जॉर्जा होती.

"मरायचंय का तुला?" ती ओरडली.

"मग तू कशाला आलीस?"

"मला काय ठाऊक! सरक तिकडे." आणि ती चेन्साला घट्ट बिलगून बसली. तिचे दात वाजत होते.

बॉम्ब पलीकडच्या गल्लीत पडला. घरंच्या घरं हवेत उडाली आणि पांढरं पीठ होऊन खाली आली.

बऱ्याच वेळानं माणसं भुयारातून बाहेर पडली, तेव्हा रस्त्यावर दोन पांढऱ्या बायका बसलेल्या होत्या. पेटी पांढरी. झेंड्याचा एकही रंग दिसत नव्हता. अधिकारी धावत आला आणि गुडघे टेकून हातानं झेंडा झटकू लागला.

चेन्सानं त्याचं मनगट धरलं.

"राहू दे, बाळा. ही धूळ आमची आहे."

अधिकाऱ्यानं अर्थ विचारायला फादरांकडे पाहिलं. फादरनी शिपायांना पेटी उचलायची खूण केली.